चटकमटकचे चोवीस रुपये

"मग दोन्हींपैकी कोणती, बाबा?"

ओजसने तिसऱ्यांदा विचारलं. शार्ङ्गधरबाबा नदीच्या पायरीवर बसून भिक्षेच्या झोळीची गाठ पक्की करत होते.

"पुन्हा सांग. शंभराचा माल विकला की कुणाच्या हातात किती उरतात?"

"चटकमटक फूड्सच्या हातात चोवीस. अन्नरेखाच्या हातात सात. कच्चा माल, पुडे, जाहिरात, सगळं वजा जाऊन. पाच वर्षांचे अहवाल वाचलेत मी."

"चोवीस मोठे की सात?"

"चोवीस."

"मग एवढ्या लांब शिकायला कशाला गेलास? हे तर म्हशी राखणारी द्वारकाही सांगेल."

ओजस ओशाळला नाही. रॉटरडॅमहून परतून त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

"मला शंका नाहीच, बाबा. आईच्या बचत गटाला आहे. तेवीस बायकांनी पापड लाटून साठवलेला पैसा नुसता पडून आहे. मला ते बघवत नाही. आज पाच वाजता बैठक आहे. त्या म्हणतात, शार्ङ्गधरबाबा हो म्हणतील त्याच कंपनीचे शेअर घेऊ. तुम्ही फक्त हो म्हणा."

"कुणाला?"

"चटकमटकला."

"खाल्लंयस?"

"मी? छे! असलं काही मी खात नाही. मी अभ्यास करतो."

...

बाबांनी झोळी उचलली आणि नदीत बुडवली. एकदा, दोनदा, तीनदा.

"अहो बाबा! कालवण वाहून चाललं!"

"जाऊ दे. चव ठेवली की जीभ घरं निवडायला लागते. मग पाय गरिबाचं दार चुकवतात."

हे कोणत्याच अहवालात नव्हतं.

"तुझ्या पिशवीत काय आहे?"

"दोन्ही कंपन्यांचे नमुने. बायकांना दाखवायला."

"काढ."

अन्नरेखाचा पुडा जाड्या पोह्यांचा होता. बाबांनी मूठभर पोहे फडक्यात बांधून तीनदा बुडवले. पोहे फुगले. बाबांनी त्यांतला घास घेतला, सावकाश चावला.

चटकमटकचा पुडा फोडला तेव्हा आधी हवाच बाहेर आली. आत बोटभर लांबीच्या केशरी कुरकुरीत नळ्या. बाबांनी मूठभर नळ्या फडक्यात बांधल्या, पुडा ओजसच्या हातात परत दिला.

पहिल्या बुडीला पाणी केशरी झालं. दुसरीला फडकं सैल पडलं. तिसरीनंतर बाबांनी गाठ सोडली.

फडक्यात काही नव्हतं.

एक मासा वर आला, तोंड उघडून पाहिलं आणि परत गेला.

...

"कळलं!" ओजस ताडकन उठला. "बाबा, कळलं मला! चोवीस रुपये कशाचे, तर रंगाचे आणि हवेचे! हे अन्नच नाही. ही लूट आहे. आणि मी आपल्या बायकांचा घामाचा पैसा यात घालायला निघालो होतो!"

बाबा पोहे खात होते.

"नफा मोजायची आमची रीतच चुकीची आहे. आता मी नवी रीत काढतो. प्रत्येक कंपनीचा माल तीनदा बुडवायचा, उरेल त्याचं वजन करायचं, आणि तेवढ्यावरच नफा धरायचा! तक्त्यात एक नवा रकाना. 'धुतलेला नफा'!"

"हं."

"अन्नरेखाच घ्यायची. सात तर सात! सातच खरे. असल्या नळ्या माणूस खातोच कशा, मला समजत नाही. ना कस, ना सत्त्व. एकदा खाल्ली की पुन्हा कोण हात लावील? बघाच तुम्ही, दोन वर्षांत ही कंपनी..."

ओजसचा हात पुड्यात गेला आणि तळाशी जाऊन थांबला.

त्याने पुडा उलटा केला. थोडी केशरी भुकटी पायरीवर पडली.

नदी वाहत होती.

"बाबा... हा कधी संपला?"

"तू उभा राहिलास तेव्हा सुरू झाला. 'लूट' म्हणालास तेव्हा निम्मा होता."

ओजसने आपल्या उजव्या हाताची बोटं पाहिली. पाचही केशरी.

"मग... चटकमटकच?"

बाबा घास चावत राहिले.

"की अन्नरेखा?"

बाबांनी उरलेले पोहे त्याच्यापुढे सरकवले.

"बाबा, पाच वाजत आले. तेवीसजणी वाट बघतायत. त्यांना मी काय सांगू?"

ओजस पायरी उतरला आणि हात धुवायला वाकला.

बाबांनी त्याचं मनगट पकडलं.

"ही बोटं धुऊ नकोस. बैठकीत आधी ही दाखव, आकडे मागाहून."