पंखेरावांचा पक्का आकडा

अवजारं आपली कामं आपणच ठरवून घेत आणि मजुरी तेलाच्या थेंबांत घेत, त्या काळची गोष्ट. छताचे पंखेराव अडखळत फिरू लागले, म्हणून त्यांनी टेस्टरला बोलावलं.

तो म्हणाला, "भिंतीतली वायर कुठपर्यंत जळलीय, ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. उघडून बघायचा तेलाचा एक थेंब घेईन, कामाचं मग सांगेन."

"नुसतं बघायचा थेंब? मला एकच पक्का आकडा हवा!" पंखेराव गुरगुरले.

"तीन थेंब," शेजारच्या खिळ्यावर लटकलेल्या पक्कडबाई पटकन म्हणाल्या. काम त्यांनाच मिळालं.

संध्याकाळी भिंतीतून धूर आला आणि पंखेराव बंदच पडले.

"अहो, आतली वायर तशीच जळकी ठेवलीत?" ते ओरडले.

"तीन थेंबांत बसली तेवढी बदलली," पक्कडबाई म्हणाल्या. "तुम्ही आकडा विचारलात. बिघाड किती, ते कुठे विचारलंत?"