साक्षीची हळद

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजाची माणसं कधीमधी यायची आणि बाकीचा कारभार गावाचं गावच बघायचं.

त्या गावात लग्न ठरलं, की आधी हळद दळायची. बायकांनी जात्याभोवती बसायचं आणि एकीने पहिली मूठ टाकून ओवी उचलायची. हा मान पाटलीणबाईंचा. वर्षानुवर्षं त्यांचाच.

मग आली शेवंता. आली म्हणजे गावातलीच हो! जन्मली तेव्हा सुईणीने ‘मुलगा झाला’ म्हणून सांगितलं होतं. कळतं वय झालं आणि ती म्हणाली, “मी बाई आहे.” लुगडं नेसली, स्वतःचं नाव स्वतःच ठेवलं. गाव थोडं हसलं, थोडं कुजबुजलं, मग आपापल्या कामाला लागलं. एकदा तिने जात्यापाशी ओवी उचलली. काय तो गळा! त्यानंतर जो तो आमंत्रण द्यायचा शेवंताला. पहिली मूठ शेवंताची.

पाटलीणबाईंच्या पोटात दुखायला लागलं. चारचौघींत हसायच्या आणि घरी येऊन भांडी आपटायच्या. लांबून ओवी कानावर आली, तरी खिडकी लावून घ्यायच्या. गळ्याला नाव ठेवता येईना, तेव्हा त्यांनी दुसरंच काढलं.

“असल्या हातची हळद लावून आपल्या लेकी सुखाने नांदतील का?” पाणवठ्यावर एकीच्या कानात, देवळात दुसरीच्या कानात.

पाटील आधी नाही म्हणाले. पण रोज ताटावर तेच पालुपद ऐकून कोण टिकणार? शेवटी दवंडी पिटली: हळदीच्या जात्याला हात लावायचा, तर बाईपणाची साक्ष हवी, आणि तीही जिच्या हातावर जन्म झाला त्या सुईणीची.

शेवंता चालू दळणावरून उठली आणि घरी गेली. बाकी कुणाला कुणी साक्ष विचारलीच नाही. पाटलीणबाईंना त्या दिवशी भाकरी गोड लागली.

पुढे त्यांच्याच लेकीचं लग्न निघालं. वऱ्हाड आलं. विहीणबाई म्हणजे मिरचीचा ठेचा! थेट जात्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“तुमच्या गावचा नियम आमच्याकडेही पोचलाय. बिनसाक्षीची हळद आमच्या घरात चालायची नाही. तुमची सुईण कोण?”

“माझी? अहो, ती बिचारी कधीच गेली!”

“मग दुसऱ्या कुणाची सुईण आहे का हयात?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुईणी काय अमरपट्टा घेऊन येतात? गावची म्हातारी सुईणही गेल्या थंडीत गेली होती आणि तिच्या सुनेच्या हातावर जन्मलेल्या पोरी अजून परकरात होत्या.

“मी लेकुरवाळी आहे!” पाटलीणबाई ओरडल्या. “मी सांगतेय ना, मी बाई आहे म्हणून!”

“नुसतं सांगून चालतं होय तुमच्या गावात?” विहीणबाई म्हणाल्या. “हळद दळली नाही, तर आम्ही निघालो परत.”

लेक रडायला लागली. पाटलीणबाई नवऱ्याकडे धावल्या.

“नियम आत्ता मोडतो,” पाटील म्हणाले. “पण एकीसाठी केला आणि घरच्यांसाठी मोडला, तर लोक तोंडात शेण घालतील. जा, आधी तिला घेऊन ये.”

शेवंता अंगणात ज्वारी पाखडत होती. पाटलीणबाई अनवाणीच पोचल्या.

“चल ग. माझं चुकलं. तू बाई आहेस.”

“आज अडलंय म्हणून म्हणता?”

पाटलीणबाईंना रडू फुटलं. “नाही ग. तू बाई आहेस हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गडीमाणसाचा मला कधी हेवा वाटलाय का? तुझा वाटला. रात्रंदिवस जळले मी तुझ्यावर!”

शेवंताने सूप खाली ठेवलं. “हे जात्यापाशी बोला. सगळ्यांसमोर.”

आणि त्या बोलल्या. मान खाली घालून, पण शब्द न गाळता. पाटलांनी तिथल्या तिथे नियम मोडला.

“ही साक्ष मला पटली,” विहीणबाई म्हणाल्या. “घाला हळद!”

पहिली मूठ शेवंताने टाकली. पाटलीणबाईंना दुसरी मिळाली आणि पुढे जन्मभर दुसरीच मिळत राहिली.

तात्पर्य: आपण कोण हे ज्याचं त्याने सांगावं आणि इतरांनी मानावं, दुसऱ्याकडे साक्ष मागणाऱ्याला एक दिवस स्वतःचीही साक्ष सापडत नाही.