दाराचे तळवे

सज्जन वाचकहो आणि भाविक माता-भगिनींनो! परमपूज्य श्रीनिवांतनाथ महाराजांच्या पुण्यचरित्रातील एक प्रसंग आता येथे यथामती निवेदन करण्यात येत आहे. या प्रसंगात राजा नाही, युद्ध नाही, सोन्यानाण्याचा हंडाही नाही. एक सागवानी दार आहे, आणि त्या दाराची जी कड कोणाच्याही दृष्टीस कधी पडत नाही, त्या कडेची ही हकीकत आहे. तरी चित्त एकाग्र करून श्रवण करावे, ही विनंती.

सह्याद्रीच्या पायथ्याशी आंबेटेंभे नावाचे गाव आहे. चार महिने तेथे पावसाचेच राज्य असते. धुके न विचारता घरात येऊन बसते, पेटीतील कपड्यांना बुरशी धरते आणि गावातील प्रत्येक दार फुगून कुरकुरू लागते. अशा या गावाच्या वरच्या आळीला महाराजांचा मठ होता. महाराज फारसे बोलत नसत, परंतु एखादे वाक्य बोलले तर ते ऐकणाऱ्याला वर्षभर पुरत असे.

मठाचे दोन फळ्यांचे दार गेनबा सुतारांनी घडविले होते. गेनबा निवर्तल्यावर त्यांची पत्नी ठकूबाई हिने त्यांची हत्यारे गंजू दिली नाहीत. घरोघरच्या दारांचा जुना रंग काचेच्या तुकड्याने खरवडावा, लाकडाच्या रेषेच्या अंगाने काचकागद फिरवावा, जवसाचे तेल पाजावे, यावर ती माउली आपला चरितार्थ चालवीत असे. मात्र मठाचे काम ती सेवा म्हणूनच करी. एके दिवशी ती हात जोडून म्हणाली, "म्हाराज, ह्यांच्या माघारी मला कायतरी नेमाची सेवा सांगा."

महाराज म्हणाले, "तळव्यांना तेल लावत जा, माय. झाली सेवा."

दुसऱ्याच दिवशी ठकूबाई काशाची वाटी आणि तेल घेऊन हजर झाली आणि महाराजांच्या पायांशी बसली. तिने पावलाला हात घातला मात्र, महाराजांनी पाय चटकन आखडून घेतले आणि पोट धरून हसू लागले.

"अगं, माझे नव्हेत! माझ्या दाराचे! मी तर दिवसभर घोंगडीवर बसलेला. ते बिचारं वर्षभर ओलीत उभं आहे. त्याच्या तळव्यांची कुणी विचारपूस केली का?"

मंडळी हसली, पण ठकूबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिच्या ध्यानात खूण आली होती. आपल्या धन्याने इतकी दारे रंगविली, समोरून रंगविली, मागून रंगविली, परंतु फळीची खालची कड नेहमीच कोरी राहिली. तेथूनच लाकूड पाणी पिते, फुगते आणि अडते! त्याच दिवशी तिने बिजागऱ्या सोडविल्या, दोन्ही फळ्या आडव्या घातल्या आणि काशाच्या वाटीने त्यांच्या खालच्या कडांना जवसाचे तेल चोळले. लाकूड तेल पीत गेले, ती पाजत गेली. पुढे दर वैशाखात हा नेम चालू राहिला. भर श्रावणातही मठाचे दार एका बोटाने उघडू लागले.

त्याच गावात ओढ्याच्या काठी हिंमतराव सरनोबत राहात असत. त्यांची लाकडाची वखार होती आणि मठाच्या पंचमंडळींतही त्यांचे वजन होते. लाकडातले आपल्याइतके कोणालाच कळत नाही, असा त्यांना पक्का अभिमान होता. एका वैशाखात त्यांनी शहरातून कारागीर आणवून आपल्या घराच्या दर्शनी दाराला आरशासारखी झिलई करून घेतली आणि ती पाहावयास गाव बोलावला. लोक त्या दारात आपापली तोंडे पाहून परत जात होते.

ठकूबाईही गेली. तिने दार डोळे भरून पाहिले, मग खाली वाकून फळीखालच्या फटीत बोट फिरविले. बोटाला नुसती कोरडी धूळ लागली.

"मालक, मुखडा लई गोरा झालाय," ती हळूच म्हणाली, "पर तळवे कोरेच राह्यले. बिजागऱ्या सोडवून उतरवू द्या. एका दुपारात तेल पाजते अन् परत चढवते."

"तळवे?" हिंमतराव मोठ्याने हसले. "ऐकलंत का हो मंडळी? आता दाराला तळवे फुटले! उद्या म्हणशील, पैंजण घाला. परवा म्हणशील, दार दमलंय, त्याला झोपवा!"

"झोपवावंच लागतंय, मालक. उभ्या दाराच्या तळव्याला हात पोचत न्हाई."

यावर हशा अधिकच पिकला. हसणे आपल्यावरच उलटले की काय, अशा शंकेने हिंमतरावांचा चेहरा मात्र कठोर झाला. ते म्हणाले, "सुतारणी, तुझ्या वाटीचं कौतुक आता पुरे. या गोकुळाष्टमीला मठाच्या दाराला माझे कारागीर झिलई देतील. पंचांना मी सांगतो. यापुढे त्या दाराला तू हात लावायचा नाही."

ठकूबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. खाण्यापिण्याची तिला फिकीर नव्हती. पण ते दार म्हणजे तिच्या धन्याच्या हातची शेवटची वस्तू आणि महाराजांनी दिलेला नेम. ते हातातून गेले तर तिने जगावे कशाला? ती तशीच मठात गेली आणि महाराजांपुढे बसून रडली.

महाराजांनी तिला रडू दिले. मग म्हणाले, "वाटी घासून ठेव. तेल भरून ठेव. दार कुणाचं, हे आपण बघायचं नाही."

श्रावण आला. अष्टमी दोन दिवसांवर आली, आणि त्याआधीचे सलग सात दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. त्या सकाळी हिंमतराव वखारीत होते. घरात त्यांच्या वृद्ध मातोश्री आक्का होत्या. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची सेवा करणारी बाई औषध आणावयास बाहेर पडली व जाताना तिने फुगू लागलेले दार जोर लावून ओढून घेतले. इतक्यात ओढ्याचा बांध फुटला! मागील दाराशी चिखलाचा ढीग लोटला आणि मागील भिंतीला पडलेल्या वीतभर भगदाडातून पाणी घरात शिरू लागले.

आरडाओरडा ऐकून हिंमतराव धावत आले. त्यांनी दर्शनी दार ढकलले. दार ढिम्म हलेना! कोऱ्या कडांनी सात दिवस पाणी पिऊन दोन्ही फळ्या उंबरठ्यावर अशा बसल्या होत्या की कडी नाही, कुलूप नाही, तरी दार चिणल्यासारखे झाले होते. आत पाणी चढत होते, परंतु फटीतून एक थेंबही बाहेर येत नव्हता. खिडक्यांना लोखंडी गज होते. चार धट्टेकट्टे गडी खांद्याने भिडले. कुऱ्हाड आणली, तर त्या जाड सागवानावर तिचा दांडाच मोडला. झिलई मात्र तशीच चमकत होती आणि तिच्यात हिंमतरावांना आपलाच भ्यालेला चेहरा दिसत होता.

आतून क्षीण आवाज आला, "हिंमता, पाणी खाटेला लागलं रे!"

"आक्का, भिऊ नका! मी आहे!" हिंमतराव ओरडले, पण त्यांच्याकडून काहीच होत नव्हते.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढीत ठकूबाई आली. तिच्या हातात घासून लख्ख केलेली काशाची वाटी होती आणि वाटीत तेल होते. ती पायरीवर गुडघे टेकून बसली आणि फळी उंबरठ्याला जेथे भिडली होती तेथे बोटांनी तेल चोळू लागली.

"अगं बाई, आता तळवे चोळायची वेळ आहे का ही?" हिंमतराव म्हणाले.

"येळ वैशाखात व्हती, मालक. आता नुसता धावा हाय," ठकूबाई म्हणाली. तिने वाटी फळीला टेकविली आणि डोळे मिटले. "म्हाराज, म्या दाराला तेल पाजलं न्हाई. मला पाजू दिलं न्हाई. त्यात आजीचा काय दोष? तुमीच म्हनला व्हता ना, दार कुनाचं ते बघायचं न्हाई? मंग तुमीबी बघू नका!"

आणि काय सांगावे, वाचकहो! दाराच्या आतील बाजूने आवाज आला. सर्र! जन्मभर सुतारकीत वावरलेल्या ठकूबाईने तो तत्काळ ओळखला. ओल्या सागावर रंधा फिरत होता! पुन्हा, सर्र! तिसऱ्यांदा, सर्र! आणि मग सर्व शांत झाले.

ठकूबाईने डोळे उघडले व फळीला एक बोट लावले. दार उघडले!

पाण्याचा लोट पायऱ्यांवरून धो-धो बाहेर पडला. हिंमतराव आत धावले आणि त्यांनी आक्कांना खाटेवरून उचलून बाहेर आणले. म्हातारी थरथरत होती, पण शुद्धीवर होती.

"तो कोण रे?" तिने विचारले. "पाठमोरा बसला होता दाराशी. पाण्यातच बसला. पाय लांब करून फळीला लावले अन् म्हणाला, आजी, घाबरू नका, जरा खरखर होईल."

ठकूबाईच्या पायाशी पाण्याबरोबर सागाची एक लांबलचक ढलपी वाहात आली. अखंड, पातळ, कांद्याच्या सालीसारखी गुंडाळलेली. घरात तर रंधा नव्हताच. तिने ती ढलपी उचलून कपाळाला लावली.

इकडे दारावर रंधा फिरत होता, नेमक्या त्याच वेळी मठात भजन चालू होते आणि वीसेक मंडळी महाराजांच्या समोर बसली होती. महाराजांनी मध्येच दोन्ही पाय लांब करून तळवे जमिनीवर तीनदा जोराने घासले. शेजारच्या टाळकऱ्याने विचारले, "काय झालं, महाराज?"

"काही नाही रे. मुंग्या आल्या पायाला," महाराज म्हणाले. "तू ठेका सोडू नकोस."

दोन प्रहरी हिंमतराव मठात आले. अंगावरचे कपडे चिखलाने भरलेले, डोक्याला पागोटे नाही. मागे सारा गाव आणि गावाच्या मागे संकोचून उभी राहिलेली ठकूबाई. हिंमतरावांनी महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले आणि मस्तक उचलताना त्यांची नजर महाराजांच्या तळव्यांवर गेली. दोन्ही तळव्यांची कातडी सोलवटून लाल झाली होती आणि तिला ओला, ताजा, सागवानाचा भुसा चिकटला होता. ज्याचा जन्म वखारीत गेला त्याला ते लाकूड ओळखावयास कितीसा वेळ लागणार? त्या भुशाच्या एका कणावर झिलई चमकत होती. ते त्यांच्याच दाराचे लाकूड होते!

हिंमतराव ओक्साबोक्शी रडू लागले. "ठकूबाई, तुमची ती वाटी द्या मला," ते म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांनी तिला अहो-जाहो केले. वाटी घेऊन ते महाराजांच्या पायांना तेल लावावयास वाकले.

महाराजांनी पाय आखडून घेतले. मुखावर तेच जुने हसू होते.

"माझे नव्हेत, हिंमतराव."

हिंमतरावांना उमगले. अष्टमीच्या सकाळी पाऊस थांबला. शहरचे कारागीर आल्या पावली परत गेले. हिंमतरावांनी आपल्या दाराच्या फळ्या स्वतःच्या हातांनी उतरविल्या व पडवीत आडव्या घातल्या. ठकूबाई जवळ बसून सांगत होती, "अंहं, मालक, घाई नगं. आधी सावलीत चांगलं वाळू द्या. ओल्या लाकडाला तेल पाजाल तर पानी आतच कोंडंल." गाव पाहात होता, पण या वेळी कोणी हसले नाही. लाकूड वाळावयास पुष्कळ दिवस लागले. तोवर त्या घराला दार नव्हते, तरी गावातील कोणी तेथील एक भांडेही हलविले नाही.

लाकूड वाळले. तेल पाजण्यापूर्वी हिंमतराव क्षणभर थांबले. मग सर्वांच्या देखत खाली वाकले आणि ज्या कडेला तळवे म्हटले म्हणून ते हसले होते, त्या कडेवर त्यांनी आपले मस्तक टेकविले. त्यानंतर ते उठले, ठकूबाईकडे वळले आणि तिच्यापुढेही तसेच वाकले.

मठाच्या दाराचा नेम ठकूबाईकडेच राहिला. फक्त दर वैशाखात फळी आडवी घालताना एका बाजूने ती धरी आणि दुसऱ्या बाजूने हिंमतराव धरीत.

वाचकहो, प्रसंग येथे समाप्त झाला. माझे शिक्षण बेताचे आहे, त्यामुळे शब्दांत काही उणे-अधिक झाले असल्यास ते माझे समजावे. जे गोड लागले असेल ते महाराजांचे समजावे. आपण आपला बहुमोल वेळ खर्चून हे वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. आज घरी गेल्यावर आपल्या दाराखालच्या फटीत एकदा बोट फिरवून पाहावे, एवढीच प्रार्थना.

आपला नम्र,
हरिश्चंद्र धोंडू पांगारे