जाळीगाठीच्या कवड्या

मेखलेचं कुणी खरं मानलं नाही. गावाच्या ठेवी सांभाळणाऱ्या कोठीत ठेवलेल्या आपल्या कवड्या चोरीला गेल्या, हे ती घाटावर, बाजारात, राजाच्या दारात घसा फोडून सांगत होती. लोक म्हणाले, "तूच उडवल्या असशील." कोठीवाला तर कळवळून म्हणाला, "बाईचं डोकं फिरलंय हो, जपा तिला."

ही गोष्ट वेत्रपुरात अरिंजय राजा राज्य करीत होता तेव्हाची. बोधिसत्त्व त्या वेळी मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मला होता, आणि सारं गाव त्याला मीठमामा म्हणे. मेखला मासे धरायची जाळी विणायची. तिची धाकटी बहीण शिवला एका तांडेवाल्याकडे गहाण होती. शरदाच्या पौर्णिमेला तांडा दूरदेशी निघणार होता. तोवर कवड्या भरल्या तर शिवला सुटणार, नाही तर कायमची गेली.

त्या गावात कवडीला भोक पाडून दोरा ओवत. जो कवडी घेई तो दोऱ्याला आपली गाठ मारी. कुंभाराची गाठ वेगळी, तेलिणीची वेगळी, मेखलेची जाळ्यासारखी. बिनदोऱ्याची कवडी कुणी घेत नसे. कवडी कुणाकुणाच्या हातून आली ते त्यामुळे सरळ दिसे, पण बघतो कोण? हातात आली ती आपली, अशी गावाची रीत.

"मामा, तुम्हीही हसून घ्या," मिठाच्या ढिगासमोर उभी राहून मेखला म्हणाली. "बाकी सगळ्यांचं हसून झालंय."

"आधी बस. आवाज बसलाय तुझा." बोधिसत्त्वाने तिला ताक दिलं आणि आपली थैली चटईवर पालथी केली. तिच्यातून जाळीगाठीच्या मूठभर कवड्या निघाल्या.

"ही गाठ तुझीच?"

"माझीच! दुसऱ्या कुणी अशी मारून दाखवली तर मी जाळं चावून खाईन. आणि यातली एकही मी आजवर कुणाला दिलेली नाही. पोटाला चिमटा घेऊन साठवल्यात."

"मग घेऊन जा."

"तुम्ही मीठ मोजून दिलंय यांच्या बदल्यात."

"माझं मीठ गेलं. तुझी बहीण जायला नको."

मेखला भांडायच्या तयारीने आली होती. आता भांडायचं कुणाशी? तिने ताक घटाघटा पिऊन टाकलं.

राजाच्या कानावर हे गेलं. त्याने दोघांना बोलावलं. "हिच्या गाठीची चोरीची कवडी जो चालवील त्याचे हात तोडतो," तो म्हणाला.

"तोडाच!" मेखला म्हणाली.

बोधिसत्त्वाने हात जोडले. "महाराज, आज ज्याच्या हाती ती कवडी आहे त्याला चोरीची खबरही नाही. भीती घातली तर लोक कवड्या नदीत फेकतील. मग हिची बहीण कशाने सुटायची? मला गावाला विनवून बघू द्या."

राजाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कुंभार मिठाला आला. बोधिसत्त्वाने त्याची कवडी निरखली. "बाबा, ही मेखलेची. मी घेणार नाही. ज्याने दिली त्याला परत कर, आणि त्यालाही तसंच करायला सांग. मीठ मात्र घेऊन जा. तुझ्या मुलांनी अळणी का खावं?"

शेजारचे व्यापारी खदाखदा हसले. "मामा, असा धंदा केलात तर मीठ विरघळायच्या आत तुम्ही विरघळाल."

पण कोळीण पद्मिका टोपली आपटून म्हणाली, "हसा मेल्यांनो! माझी पुंजीही त्याच कोठीत आहे. आज हिची गेली, उद्या माझी. मीही ती गाठ घेणार नाही, आणि मासा उधार देईन."

तिच्या मागून न्हाव्याने तेच केलं, मग विणकराने. ज्यांना पटलं नाही त्यांना कुणी बोट लावलं नाही. कवड्या मात्र उलट्या चालू लागल्या. कुंभाराने तेलिणीला परत केली, विणकरानेही तेलिणीलाच, न्हाव्याने हलवायाला. तेलीण आणि हलवाई आपापल्या ओंजळी घेऊन एकाच दारात जाऊन उभे राहिले. ते दार कोठीवाल्याचं होतं. त्याने कवड्या लाटताना आपली गाठ तेवढी मारली नव्हती. आता त्या परत द्यायला त्याच्यापुढे कुणीच उरलं नव्हतं.

मेखलेने दोन्ही बाह्या सरसावल्या. कोठीवाला रडत खाली बसला. "फाशांत माझं सगळं हरलो, बाई, म्हणून तुझ्या कवड्या खर्चल्या," तो म्हणाला.

"रडतोस काय, ऊठ!" परत आलेल्या कवड्या ओटीत भरत ती गरजली. "पौर्णिमा उद्यावर आलीय. होडी काढ, तांड्याच्या तळावर जायचंय. वल्ही तूच मारायचीस, आणि माझ्या बहिणीला आणेपर्यंत थांबायचं नाही."

त्याने हाताला फोड येईतो वल्ही मारली. परतीच्या वाटेवर शिवलेनेच आपला पदर फाडून त्याच्या हाताला बांधला. मेखला तोंड फिरवून बसली, पण तिने अडवलं नाही.

एवढी गोष्ट सांगून भगवान शास्त्याने समोरच्या भिक्षुसंघाला त्या जन्माचा या जन्माशी मेळ घालून दिला. "त्या वेळचा राजा आज आपल्याला विहारासाठी जमीन देणारा गृहपती आहे. मेखला ही समोर बसलेली भिक्षुणी मुदिता, शिवला तिच्या शेजारची भिक्षुणी सौम्या, आणि मिठाचा व्यापारी मीच होतो. हिरावलेलं आपल्या हाती आलं तर आपला तोटा सोसून ते माघारी धाडावं, आणि तेही कुणावर हात न उगारता. याला करुणा म्हणतात."

"आणि तो कोठीवाला?" मुदितेने विचारलं. तिच्या मुठी याही जन्मी आवळल्या होत्या.

शास्ता हसला. "तो अजून फेडतोच आहे. तुम्हा भिक्षुणींच्या दारात रोज पहाटे न सांगता पाणी भरून ठेवतो ना, तोच. भिक्षू तिंदुक."