माळीणबाईंचा हातगुण

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पण त्या राज्यात राजवाड्याची एक बाग होती आणि बागेत एक आंब्याचं झाड होतं, एवढं नक्की.

ते झाड साऱ्या गावाचं लाडकं. दर उन्हाळ्यात त्याचा एकेक आंबा गावातल्या प्रत्येक घरी जायचा. एकच. मग त्याच्या फोडी वाटून घ्यायच्या आणि कोय कुणी चोखायची यावरून भांडायचं. चांगली जाणती माणसंसुद्धा भांडायची, म्हणजे आंबा कसला गोड असेल ते तुम्हीच ओळखा.

ही बाग एका माळीणबाईंच्या हाताखाली होती. वयानं म्हाताऱ्या, बोलायला तिखट, झाडांशी मात्र अगदी मऊ. त्यांना हातगुण आहे, असं सगळे म्हणत. त्यांनी वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटते, असंही लोक सांगत. तेवढं काही खरं नव्हतं, पण सांगणाऱ्यांना बरं वाटायचं.

माळीणबाई डावखुऱ्या होत्या. खुरपं, विळा, चाकू, सगळं डाव्या हातात. राजवाड्यात फुलं द्यायला गेल्या की मात्र त्या उजवा हात पुढे करत. मोठ्यांना डाव्या हातानं काही देऊ नये, असं आईनं लहानपणीच बजावलेलं होतं. त्यामुळे राणीसाहेबांना इतक्या वर्षांत त्यांचा उजवा हात तेवढा ठाऊक होता.

त्या राज्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, की राजवाड्यातून एका कारागिराला भेट मिळायची. एका वर्षी तो मान माळीणबाईंचा होता. भेट काय द्यावी, यावर दरबारात बराच खल झाला. कुणी म्हणालं शालू द्या, कुणी म्हणालं चांदीची झारी द्या.

राणीसाहेब हसल्या. "शालू नेसून त्या वाफ्यात बसणार आहेत का? आणि चांदीची झारी फळीवर ठेवून पाणी बादलीनंच घालतील. मला त्यांच्या रोजच्या उपयोगाचं काहीतरी द्यायचंय."

विचार चांगला होता, त्यात खोट काढायला जागा नाही. राणीसाहेबांनी सगळ्यांत नावाजलेल्या लोहाराकडून कलमं बांधायचा चाकू घडवून घेतला. मूठ शिसवीची, पातं उत्तम पोलादाचं. पात्याची एक बाजू सपाट आणि दुसरी उतरती घासून धार काढलेली. असा चाकू पंचक्रोशीत कुणाकडे नव्हता.

आता तिथला एक रिवाज सांगायला हवा. राजाघरचं हत्यार मिळालं, की त्या कामाचं जुनं हत्यार लोहाराच्या भट्टीत द्यायचं. माळीणबाईंचा जुना चाकू त्यांच्या सासूचा. त्याही डावखुऱ्याच होत्या. चाकू झिजून झिजून बोटाएवढा उरला होता. तो भट्टीत टाकताना माळीणबाईंच्या जिवावर आलं, पण रिवाज तो रिवाज.

नवा चाकू सुतळी कापायला झकास होता, बारीकसारीक छाटणीलाही छान. माळीणबाई खूश होत्या.

त्या हिवाळ्यात आंब्याला मोहर आला नाही. माळीणबाईंनी बुंधा ठोकून पाहिला, तर तो पोकळ वाजला. किडीनं झाड आतून पोखरलं होतं. एक फांदी तेवढी हिरवी राहिली होती.

आंब्याचं एक असतं. कोय पेरली तर झाड येतं, पण फळ त्याच चवीचं येईल याचा भरवसा नाही. तीच चव हवी असेल तर त्याच झाडाची काडी कोवळ्या रोपावर बांधावी लागते. काडी आणि रोप, दोन्हींना तिरपा छेद द्यायचा, छेदाला छेद चिकटवायचा आणि घट्ट बांधायचं. छेद सपाट असले तर जीव धरतात. जरा फट राहिली की आत पाणी शिरतं आणि काडी कुजते.

पावसाळ्यात हवा दमट झाली आणि माळीणबाई कलमं बांधायला बसल्या. हे काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. पण या वेळी छेद सपाट येईनात आणि काड्या काळ्या पडल्या. त्यांनी पुन्हा बांधली, पुन्हा तेच. हिरव्या फांदीवरच्या काड्या कमी होत चालल्या, आणि त्या संपल्या की आंबाही कायमचा संपणार होता.

गावात कुजबुज सुरू झाली.

"वय झालं बिचारीचं," पाणवठ्यावर एक बाई म्हणाली. "हातगुण गेला तिचा."

"असा आयत्या वेळी जायचा होता का?" दुसरी म्हणाली.

हे माळीणबाईंच्या कानावर आलं. एरवी त्यांनी दोघींना चांगलं सुनावलं असतं, पण आता बोलायला तोंड कुठे होतं? चाकूला दोष द्यावा तर तो राणीसाहेबांचा, अख्ख्या राज्यात पहिल्या नंबरचा. मग दोष उरला तो हाताचा. त्यांना जेवण गोड लागेना. ज्या हातानं घर चालवलं, लेकरं वाढवली, त्या हाताकडे बघवेना. शेवटी त्या राजवाड्यात गेल्या आणि चाकू राणीसाहेबांपुढे ठेवला.

"हा दुसऱ्या कुणाला तरी द्या, राणीसाहेब. एवढं चांगलं हत्यार माझ्याकडे वाया जातंय. माझा हात गेला."

राणीसाहेबांनी चाकू उचलून पुन्हा त्यांच्याकडे दिला. मग त्यांनी विचारलं, "काड्या उरल्यात का?"

"थोड्या आहेत."

"मग चला बागेत. मला शिकवा. तुमचा हात गेला असेल, तर कुणाचा तरी तयार व्हायला नको का?"

माळीणबाईंना हे काही पटलं नाही, पण नाही म्हणायचं कसं? त्या राणीसाहेबांना घेऊन बागेत आल्या. आंब्याच्या काड्यांना त्यांनी हात लावू दिला नाही. लिंबाच्या डहाळ्या तोडून आणल्या आणि वाफ्याच्या कडेला दोघी बसल्या.

"असं धरायचं, असं ओढायचं," म्हणत माळीणबाईंनी चाकू चालवला. पातं लाकडावरून उसळलं, मग आत घुसलं. छेद वेडावाकडा झाला. "बघितलंत ना?" त्या कष्टी होऊन म्हणाल्या.

राणीसाहेबांनी चाकू हातात घेतला आणि जसं सांगितलं तसं ओढलं. लिंबाच्या डहाळीवर लांब तिरपा छेद पडला, काचेसारखा गुळगुळीत.

माळीणबाई बघतच राहिल्या.

"पुन्हा करा बरं," त्या म्हणाल्या.

राणीसाहेबांनी पुन्हा केलं. पुन्हा तसाच.

"राणीसाहेब, रागावू नका, पण तुम्ही याआधी कधी काही कापलंय?"

"मी आजवर भाजीसुद्धा चिरलेली नाही."

माळीणबाईंनी चाकू परत घेतला. तो उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्यानं पात्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या. मग तो उजव्या हातात धरला आणि अवघडत एक डहाळी कापली. कापायला वेळ लागला, पण छेद सपाट आला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हा तर उजव्या हाताचा चाकू आहे. सपाट बाजू लाकडाला टेकायला हवी. माझ्या डाव्या हातात उतरती बाजू टेकते, म्हणून पातं उसळतं."

राणीसाहेब चकित झाल्या. "तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"जन्मापासून."

"मग मला इतक्या वर्षांत दिसलं कसं नाही?"

"कसं दिसणार? तुमच्यापुढे मी फुलं घेऊन आले. काम केलं ते इथं, बागेत."

आणि मग माळीणबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना रडू आलं, आणि रडू आवरेपर्यंत पुन्हा हसू फुटलं. "मला वाटलं, मी संपले," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. छातीवरचं केवढं मोठं ओझं उतरलं होतं. राणीसाहेब त्यांच्याजवळ तशाच चिखलात बसून राहिल्या. आपण एवढ्या प्रेमानं दिलेल्या वस्तूनं या बाईचा जीव टांगणीला लावला, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

लोहाराला निरोप गेला. त्यानं दुसऱ्या बाजूनं धार काढलेला चाकू घडवला. साधाच होता, शिसवीची मूठ वगैरे काही नाही. राणीसाहेबांनी तो आपल्या हातानं दिला. माळीणबाईंनी सवयीनं उजवा हात पुढे केला, तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, "तो नको. काम करणारा हात द्या."

उरलेल्या काड्या माळीणबाईंनी त्याच दिवशी बांधल्या. मग वाट पाहणं आलं. राणीसाहेब रोज सकाळी बागेत चक्कर मारत आणि माळीणबाई रोज त्यांना दटावत, की सारखं बघून पालवी लवकर फुटत नाही. एका सकाळी एका काडीच्या टोकाला तांबूस कोवळं पान दिसलं. मग दुसऱ्या काडीला, मग तिसऱ्या. राणीसाहेबांनी हातातलं सगळं टाकून माळीणबाईंना मिठी मारली. गावात बातमी गेली आणि पाणवठ्यावरच्या बायकांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. हातगुण जागेवर होता.

त्यानंतर खंडेनवमीचा रिवाज बदलला. जुनं हत्यार भट्टीत टाकणं बंद झालं. आणि भेट देणाऱ्यानं आधी एक दिवस त्या कारागिराच्या कामाच्या जागी जाऊन बसायचं, असं ठरलं. पुढच्या वर्षी मान कुंभाराचा होता. त्याला नक्षीदार चाक द्यायचं, असं दरबारात सगळ्यांनी पक्कं केलं होतं. राणीसाहेब दिवसभर त्याच्याकडे बसल्या. त्याचं जुनं चाक चांगलंच होतं. त्याचे गुडघे मात्र दुखत होते, दर वेळी उठताना तो भिंतीला धरत होता. खंडेनवमीला राणीसाहेबांनी त्याला बसायला एक बुटकं, भक्कम स्टूल दिलं. दरबारी मंडळी तोंडावर हात ठेवून हसली. कुंभार मात्र त्या स्टुलावर बसला, भिंतीला न धरता उठला, पुन्हा बसला, आणि त्यानं राणीसाहेबांना हात जोडले.

तात्पर्य: भेट निवडण्याआधी ज्याला द्यायची त्याला काम करताना पाहावं.