तिसरा मजला

आमच्या कॉलेजात लिफ्टची किल्ली एकट्या प्राचार्य घारपुऱ्यांकडे असे, कारण त्यांचे गुडघे दुखत. बाकीचे सगळे जिना चढत.

हुशार सुरंगाला वाचताना अक्षरं नाचताना दिसत, म्हणून ती दोनदा नापास झाली होती. इतिहास शिकवणाऱ्या दातीरबाईंनी आपल्या अभ्यासक्रमात अशा मुलांसाठी ऐकायचे धडे आणि तोंडी परीक्षा घातली.

तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीत प्राचार्य कडाडले, "असल्या सोप्या वाटेने आलेल्याची पदवी पूर्ण कशी धरायची?"

बाई म्हणाल्या, "सर, आम्ही जिन्याने आलो, आपण लिफ्टने. मग आपला मजला दुसरा धरायचा का?"

हशा पिकला. प्राचार्यांनी गुडघा चोळत मंजुरीची सही केली.

दाराबाहेर सुरंगा कॉलेजातून नाव काढायचा अर्ज घेऊन उभी होती. बाईंनी तो टराटरा फाडला.

"नाव काढायचंय ना? मग परीक्षेत काढ!"