हनीफ पेंटरची कबुतरं

“कागद नव्हता ना बाबा. मग ती पोरं कुणाची?”

लतीफशा फकीर ज्वारी निवडत होता. सुपातला एक खडा त्यानं उचलला, उन्हात धरून निरखला आणि बाजूला ठेवला. हिरा असता तरी एवढा वेळ पाहिला नसता.

यशोधन डोईफोडेनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. दोनदा उभ्यानं, आता मांडी घालून.

परभणीच्या बाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागं हा फकिराच्या मुक्कामाचा तकिया. एक लिंब, दोन कबरी, पत्र्याची एक खोली आणि खोलीच्या डोक्यावर कबुतरांची ढाबळ. दुपारचे साडेतीन वाजले होते. लिंबाची सावलीसुद्धा उन्हाला कंटाळून झाडाखाली सरकली होती.

यशोधनचं वय सव्वीस. मोबाईलवर चौघांनी मिळून बंदुकीची लढाई खेळायची, तिच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात, आणि त्या खेळणाऱ्या पगारी पोरांचा तो मालक. संघाचं नाव रॉयल टायगर्स. परभणीत शेवटचा वाघ कुणी पाहिला ते कुणालाच आठवत नाही, पण जर्सीवर तो दात विचकून बसला होता. पाठीवर मालकाचं नाव होतं, म्हणजे बरोबर मालकाला वाचता येणार नाही अशा जागी.

“कुणाची पोरं?” फकिरानं विचारलं.

“वैजूची. म्हणजे... वैजूकडं खेळणारी.”

“वैजू म्हणजे गिरामांचा वैजनाथ? तुझ्यासंगं इथं येऊन बसायचा तो?”

यशोधननं मान हलवली. हलवायची नव्हती, पण हलली.

आठ वर्षांपूर्वी बारावीचे तास बुडवून दोघं याच लिंबाखाली पडलेले असायचे. दोघांत एक फोन. तोही वैजूच्या मामाचा, काच तडकलेला. वैजूचा डावा अंगठा माणूस चालवायचा, यशोधनचा उजवा अंगठा गोळी मारायचा. एका माणसाला दोन डोकी असावीत तसे ते दिसायचे. पाठ टेकायला कबर होती. आतल्यानं कधी तक्रार केली नाही.

“बरं. पुढं?” फकीर म्हणाला.

“स्पर्धेच्या नियमातच लिहिलंय बाबा. करार नसलेला खेळाडू मोकळा. कुणीही घ्यावा.”

“बरोबर.”

“मी ओढून आणलं नाही. आपल्या पायांनी आले.”

“बरोबर.”

“अन् पोरं काय कुणाची म्हसरं आहेत का? वैजू काय द्यायचा त्यांना? पोहे. पिठाच्या गिरणीवरची खोली. खाली गिरणी सुरू झाली की वर फोन हातात नाचायचे. माझ्याकडं पगार आहे, एसी आहे, नवे फोन आहेत. स्वतःचं भलं बघू नये त्यांनी?”

“हे तर एकदम बरोबर.”

म्हातारा भांडेल असं धरून तो निघाला होता. वाटेत मोटारसायकलवर उत्तरंसुद्धा पाठ केली होती, चांगली आठ-दहा. भांडणारा असला की माणूस जिंकू तरी शकतो. हा तर प्रत्येक वेळी दार उघडून बाजूला होत होता, आणि आत कुणीच नव्हतं.

“किती आले?”

“तीन.”

“आणल्यावर काय केलंस त्यांचं?”

“काय करणार? फ्लॅटवर ठेवलं. नवीन फोन दिले. जुन्या ग्रुपमधून बाहेर काढलं. पंधरा दिवस तिकडं बोलायचं नाही म्हणलं. लक्ष लागत नाही मग.”

“पंधराच दिवस?”

“तेवढ्यात रुळतात.”

फकिरानं यशोधनकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. कुणीतरी जुन्या गावचा भेटावा, तसं.

“मग बेटा, आलास कशाला?”

यशोधननं खिशातला फोन काढला, पालथा करून मांडीवर ठेवला.

“पाच वाजता नावं द्यायची मुदत संपती. पुण्याला शेवटची फेरी आहे. चौथा अजून तिकडंच आहे. मुंजाजी.”

या मुंजाजीनं खेळात स्वतःचं नाव घोस्ट ठेवलं होतं. फार लांब जावं लागलं नव्हतं बिचाऱ्याला. पण पोरगं असं होतं की समोरचा कुठून येणार हे त्याला आधी कळायचं. बाकीचे तिघं त्याच्या आवाजावर चालायचे.

“तो आला की माझा संघ पुरा.”

“अन् वैजूचा?”

यशोधननं फोनची कड अंगठ्यानं पुसली.

“वैजूचा, बेटा?”

“त्याचं नाव निघतं. शून्य खेळाडूंचा संघ नसतो.”

लिंबावर एक कावळा उगाच ओरडून गेला.

“सकाळपासून चारदा मुंजाजीचा नंबर काढला,” यशोधन म्हणाला. “लावणं होईना. तुम्ही फक्त एवढं म्हणा, यात वाईट काही नाही. दोन शब्द. मग मी लावतो.”

“मी म्हणल्यावर तुझा अंगठा हलल?”

“हलल.”

फकीर उठला. त्याचे गुडघे कडाकड वाजले. शिडीवर चढून त्यानं ढाबळीचं दार उघडलं, आत हात घातला आणि एक पांढरी मादी घेऊन खाली आला. ती त्यानं यशोधनच्या दोन्ही हातांत दिली.

यशोधननं आयुष्यात फोनपेक्षा जिवंत काही धरलं नव्हतं. ते गरम होतं आणि त्याचं काळीज बोटांना लागत होतं.

“हिच्या पायात बघ. काही आहे?”

“नाही.”

“कबुतरबाज आपल्या पाखराच्या पायात छल्ला घालतो. हिच्या पायात नाही. मग ही कुणाची?”

“तुमची.”

“कशावरून?”

“तुमच्या ढाबळीत होती.”

“शाबास. उडव.”

यशोधननं हात वर केले. मादी उडाली. तिच्या मागं ढाबळीतली बाकीची उडाली. सगळी मिळून नऊ. तकियावर एकदाही न फिरता ती सरळ गावाकडं गेली. जुन्या गल्लीत एका इमारतीवर निळी पाण्याची टाकी होती, तिच्यावर घिरट्या घालायला लागली.

“तिकडं काय आहे?” यशोधननं विचारलं.

“टाकी.”

“टाकीवर काय आहे?”

“काही नाही.”

फकीर पुन्हा सुपाशी बसला.

“नऊ वर्षं झाली. तेव्हा मी फकीर नव्हतो. रिक्षा होती माझी, अन् गच्चीवर ढाबळ. समोरच्या गच्चीवर हनीफ पेंटर. गावातल्या निम्म्या पाट्या त्यानं रंगवलेल्या. आमच्यात रिवाज असा की, दुसऱ्याचं पाखरू तुझ्या गच्चीवर उतरलं अन् पायात छल्ला नसला, तर ते तुझं. मागायला यायचं नाही.”

“म्हणजे नियमच.”

“नियमच. मी त्याला म्हणायचो, हनीफ, छल्ले घाल रे. तो म्हणायचा, समोर तुझं घर असताना छल्ला कशाला?”

यशोधननं मांडीवरचा फोन सुलटा केला. परत पालथा केला.

“त्याच्याकडं तेवीस होती. माझी ज्वारी चांगली, बाजरी चांगली, पाणी मडक्यातलं. एकेक उतरत गेलं. मी काही ओढलं नाही. पंधरा दिवस पंख बांधून ठेवायचो, मग रुळायचं.”

“अन् ही पांढरी?”

“ही शेवटची. बावीस माझ्याकडं, एक त्याच्याकडं. तो गच्चीवर उभा होता. मी माझा सगळ्यात देखणा नर उडवला. तो बघत होता. मी पण बघत होतो...”

“उतरली?”

“उतरली.”

“मग हनीफनं काय केलं?”

“टाळ्या वाजवल्या.”

फकिरानं सुपातून आणखी एक खडा काढला. हा त्यानं पाहिला नाही, नुसता टाकला.

“आठ दिवसांनी माझंच मन मला खायला लागलं. तेवीसच्या तेवीस टोपलीत घातली, रिक्षात ठेवली, परत द्यायला निघालो. रस्ता ओलांडायचा होता नुसता, पण रिक्षानं गेलो. ताठा बघ. वर गेलो तर ढाबळ नाही. फळ्या त्यानं चुलीत घातल्या होत्या. जागेवर ही टाकी. हनीफ निजामाबादला पोरीकडं निघून गेला होता.”

“अन् पाखरं?”

“तिथंच सोडली. संध्याकाळी माझ्या गच्चीवर हजर. दुसऱ्या दिवशी सोडली, हजर. घर सोडून इथं आलो, तरी रोज सोडतो. जातात, टाकीवर फिरतात, परत येतात. तेवीसची नऊ राहिली.”

आता मात्र यशोधनला मोकळा श्वास आला. हसूसुद्धा आलं.

“पण परत येतात ना बाबा! बांधलेली नसून येतात. म्हणजे आवडतं त्यांना तुमच्याकडं.”

“लोकही तेच म्हणतात,” फकीर म्हणाला. “फकिराला सोडून पाखरं जात नाहीत. गुरुवारी बघायला येतात. साखर ठेवतात. हात जोडतात. मला बाबा कुणी केलं, माहीत आहे? यांनी.”

यशोधनचं हसू तोंडावरच राहिलं. ते कुठं ठेवावं त्याला कळेना.

मांडीवरचा फोन थरथरला.

मुंजाजीचा निरोप होता. “दादा येतो तुमच्याकडं. वैजूदादानंच जा म्हणून सांगितलं.”

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. चौघं पुरे झाले होते. ज्यासाठी महिनाभर जीव टाकला ते हातात आलं होतं, आणि यशोधन त्या निरोपाकडं असा बघत होता, जणू गावाकडून कुणी गेल्याची तार आली असावी.

त्यानं नंबर काढला. मुंजाजीचा नाही. या वेळी अंगठा हलला.

“यशा!” पलीकडून वैजू ओरडला. मागं गिरणी चालू होती. “अरे जोरात बोल, ऐकू येईना!”

“वैजू, मुंजाजी राहू दे तुझ्याकडं. बाकीचे तिघं पण परत पाठवतो. तुझ्या नावावर खेळू दे. पाचपर्यंत वेळ आहे.”

“काय?”

“परत पाठवतो म्हणलं तिघांना!”

“कुठं पाठवतोस?” वैजू हसला. “दुपारीच संघाचं नाव काढून घेतलं मी. खोली पण सोडली. गिरणीवाला पोती चढवायलाय वर. ऐक, पुण्यात तुला कागद मागतील म्हणून चौघांचं लिहून दिलंय. ‘माझी हरकत नाही.’ सही केली. चार ठिकाणी.”

तीन वर्षं त्या पोरांना घडवताना वैजूनं एक कागद केला नव्हता. पहिला केला तो हा.

“वैज्या...”

“अन् हे बघ, मुंजाजीला शेंगदाणे देऊ नको. अंगावर पित्त उठतं. तो सांगत नाही, खातो गपचूप. सकाळी हाक मारून उठत नाही, पाणी शिंपडावं लागतं. अन् हरला की त्याच्याशी तासभर बोलू नको. ध्यानात राहील ना?”

“राहील.”

“लिहून घे. तुझं ध्यान कसं असतं मला माहीत आहे. चल, पोती पडतील माझ्या अंगावर.”

फोन बंद झाला. गिरणीचा आवाज यशोधनच्या कानात जरा वेळ चालूच राहिला.

निळ्या टाकीवर कबुतरं फिरत होती. एकदा फिरली. दोनदा. पांढरी मादी खाली येते का काय असं वाटलं. तिनं पाय पुढं काढले, टाकीच्या झाकणाजवळ आली, आणि पुन्हा वर गेली. मग ती सगळी वळली.

यशोधन त्यांच्याकडं बघत राहिला. ती तकियावर आली आणि पत्र्यावर ओळीनं उतरली. माना वाकड्या करून खाली बघायला लागली. नऊच्या नऊ पाखरांची नजर त्याच्यावर होती.

“बाबा...” त्याचा आवाज सतरा-अठराच्या पोरासारखा आला. “आता मी काय करू?”

लतीफशानं सूप त्याच्यापुढं सरकवलं. निवडून झाली होती ज्वारी. एक खडा नव्हता तिच्यात.

“दाणे टाक,” तो म्हणाला. “तुझीच आहेत.”